सिलिॲक आजार: आधी तपासणी, मग पथ्य

पोटाची जुनी तक्रार सांगितली की हल्ली एक सल्ला हमखास मिळतो: "महिनाभर गहू सोडून बघ." सिलिॲकचा, म्हणजे ग्लुटेन या गव्हातल्या प्रथिनामुळे लहान आतडे झिजते त्या आजाराचा, संशय असेल तर हा सल्ला चांगलाच महागात पडतो. या आजाराच्या रक्ततपासण्या आणि आतड्याची बायोप्सी (बारीक तुकडा काढून तपासणे), दोन्ही पोटात रोज ग्लुटेन जात असेल तरच खरे काय ते सांगतात. ग्लुटेन बंद केले की रक्तातल्या अँटिबॉडी (प्रतिकारशक्तीने तयार केलेली प्रथिने) उतरू लागतात, आतडेही भरून यायला लागते आणि रिपोर्ट 'नॉर्मल' येतो. मग पथ्य खरेच गरजेचे आहे का, किती कडक पाळायचे, मुलांची तपासणी करायची का, यातल्या कशाचेच पक्के उत्तर हाती उरत नाही. म्हणून तपासणी पूर्ण होईपर्यंत जेवणात काहीही बदलू नका.

आतड्यात नेमके काय घडते

गहू, बार्ली आणि राय या धान्यांच्या दाण्यात साठवलेल्या प्रथिनांना व्यवहारात ग्लुटेन म्हणतात. हे प्रथिन कुणालाच पूर्ण पचत नाही, त्याचे काही तुकडे तसेच उरतात. एरवी त्याने काही बिघडत नाही. पण ज्यांच्या पेशींवर एचएलए डीक्यू-२ किंवा डीक्यू-८ नावाचे रेणू असतात, त्यांच्यापैकी काहींची प्रतिकारशक्ती या तुकड्यांना शत्रू समजते आणि त्या धुमश्चक्रीत स्वतःच्याच लहान आतड्यावर उठते. निरोगी आतड्याच्या आतल्या बाजूला टर्किश टॉवेलावरच्या धाग्यांसारखे सूक्ष्म उंचवटे असतात, त्यांना विलाय म्हणतात. अन्नरस शोषायला मोठे क्षेत्रफळ मिळते ते त्यांच्यामुळे. सिलिॲकमध्ये हे उंचवटे झिजून सपाट होतात. खाल्लेले अंगी लागत नाही ते यामुळे.

ही ॲलर्जी नव्हे. गव्हाच्या ॲलर्जीत काही मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत अंगावर पित्त उठते, श्वास लागतो, आणि तिच्या तपासण्याही वेगळ्या असतात. तिसराही एक प्रकार आहे. काहींना गव्हाने त्रास होतो, पण अँटिबॉडी सापडत नाहीत आणि आतडेही शाबूत असते. तिघांचे उपचार आणि पथ्याची कडकी वेगवेगळी असल्याने निदानाचा एवढा आग्रह.

गव्हाचा संबंध उमगायला बराच काळ गेला. इंग्लंडमध्ये सॅम्युअल गी या डॉक्टरांनी १८८८ साली या आजाराचे चांगले वर्णन केले आणि बरे व्हायचे असेल तर ते आहारानेच, हेही लिहिले. पण कुठला आहार, ते कळले नव्हते. नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यातल्या दुष्काळाने तो बळकट झाला: ब्रेड मिळेनासा झाला तेव्हा त्यांचे हे छोटे रुग्ण सुधारले आणि ब्रेड परत आल्यावर पुन्हा खालावले. १९५० च्या प्रबंधात त्यांनी हे मांडले. आजही उपचार तोच आहे. या आजारावर आहाराची जागा घेईल असे मान्यताप्राप्त औषध अजून नाही.

संशय कधी घ्यायचा

जुलाब, पोट फुगणे, वजन घटणे, वाढ खुंटलेले मूल, हे पुस्तकी चित्र झाले. प्रौढांमध्ये अनेकदा पोटाची तक्रार नसतेच, किंवा उलट बद्धकोष्ठता असते. सगळ्यात जास्त हुकणारी खूण म्हणजे लोहाची कमतरता. हिमोग्लोबिन कमी, गोळ्या घेतल्या की थोडे चढते, थांबवल्या की परत खाली, आणि रक्त कुठून जाते ते सापडत नाही. लोह शोषले जाते ते लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात आणि सिलिॲकचा पहिला फटकाही तिथेच बसतो. गोळ्यांचा ब्रँड तिसऱ्यांदा बदलण्याआधी ही तपासणी मागून घ्या.

याशिवाय वारंवार तोंड येणे, दातांच्या एनॅमलवर खड्डे किंवा डाग, कमी वयात हाडे ठिसूळ होणे, वयात यायला उशीर, कारण न सापडणारे वंध्यत्व किंवा पुन्हा पुन्हा गर्भपात, यकृताची एन्झाइम्स उगाच वाढलेली दिसणे, हातापायांना मुंग्या, तोल जाणे, न संपणारा थकवा. कोपर, गुडघे आणि बसण्याच्या जागी दोन्ही बाजूंना सारखे, भयंकर खाजणारे बारीक फोड येत असतील तर तो डर्मायटिस हर्पेटिफॉर्मिस, म्हणजे सिलिॲकचेच त्वचेवरचे रूप असू शकते. तिथे बायोप्सी फोडाची नव्हे, तर फोडाशेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या त्वचेची घ्यावी लागते.

काहींनी लक्षणे नसतानाही तपासून घ्यावे: सिलिॲक असलेल्यांचे आईवडील, भावंडे आणि मुले, टाइप १ मधुमेह किंवा ऑटोइम्यून थायरॉइड असलेले, डाउन किंवा टर्नर सिंड्रोम असलेले. जगभरात हा आजार साधारण शंभरात एकाला असतो, रुग्णाच्या जवळच्या रक्ताच्या नात्यात मात्र ढोबळमानाने दहात एकाला.

पहिली पायरी: रक्त

डॉक्टरांकडून दोन तपासण्या एकत्र लिहून घ्या: टीटीजी-आयजीए (सिलिॲकमध्ये वाढणारी अँटिबॉडी) आणि एकूण आयजीए. दुसरी बऱ्याचदा राहून जाते, आणि तिच्याविना पहिलीचा अर्थच लागत नाही. काहींच्या शरीरात आयजीए हा अँटिबॉडीचा प्रकार मुळातच तयार होत नाही आणि सिलिॲकच्या रुग्णांत असे लोक इतरांपेक्षा जास्त सापडतात. त्यांची टीटीजी-आयजीए कायम 'निगेटिव्ह' येणार, आतडे कितीही झिजलेले असो. एकूण आयजीए फार कमी निघाले तर टीटीजी-आयजीजी किंवा डीजीपी-आयजीजी ही तपासणी करतात (आयजीजी हा अँटिबॉडीचा दुसरा प्रकार).

रक्त काढण्याआधीचे काही आठवडे जेवण नेहमीचे असू द्या, दिवसातून एकाहून अधिक वेळा गहू पोटात जाऊ द्या. उपाशीपोटी जायची गरज सहसा नसते. 'फूड इनटॉलरन्स' या नावाने विकली जाणारी शंभर-दोनशे पदार्थांची आयजीजी पॅनेल, केसांच्या तपासण्या वगैरे या निदानासाठी निरुपयोगी आहेत. त्यावर पैसे घालवू नका.

दुसरी पायरी: एंडोस्कोपी आणि बायोप्सी

टीटीजी वाढलेले निघाले की प्रौढांना साधारणपणे एंडोस्कोपी सुचवतात. तोंडावाटे बारीक नळी घालून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून नमुने घेतात. घसा बधिर करून किंवा हलकी गुंगी देऊन हे काही मिनिटांत उरकते, आणि नमुना घेताना दुखत नाही. नमुने किती घेणार, हे आधी विचारायला संकोचू नका. आतडे सगळीकडे सारखे झिजत नाही, मध्ये मध्ये चांगले पट्टे असतात. म्हणून ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या या सुरुवातीच्या भागाच्या, पुढच्या टप्प्यातून किमान ४ आणि त्याच्या तोंडाशी असलेल्या बल्बमधून १-२ नमुने घ्यावेत असा संकेत आहे. एक-दोनच घेतले तर आजार निसटू शकतो. कॅमेऱ्यातून आतडे ठीक दिसले, म्हणून नमुने न घेताच परत येणे हाही तितकाच वाया गेलेला फेरा.

रिपोर्टमध्ये 'मार्श' हा शब्द आणि पुढे आकडा दिसेल. मार्श १ म्हणजे आवरणात दाहक पेशी वाढल्यात, पण रचना शाबूत. एवढ्यावर निदान होत नाही, अशी वाढ इतर अनेक कारणांनी होते. मार्श ३ म्हणजे विलाय झिजल्या. ३अ थोड्या, ३ब बऱ्याच, ३क पूर्ण सपाट. टीटीजी वाढलेले आणि मार्श ३ असेल तर निदान बहुतेक पक्के. विलाय झिजल्यात पण अँटिबॉडी मुळीच नाहीत, असे असेल तर डॉक्टरांना थांबून दुसरी कारणे पाहावी लागतात. जिआर्डिया या आतड्यातल्या परजीवीचा संसर्ग किंवा रक्तदाबाचे ओल्मेसार्टन हे औषधही हुबेहूब तसेच चित्र उभे करते. उलट अँटिबॉडी वाढलेल्या आणि बायोप्सी साफ, याला 'पोटेन्शियल' सिलिॲक म्हणतात. अशांवर लक्ष ठेवतात, पथ्याचा निर्णय माणसागणिक घेतात.

मुलांच्या बाबतीत युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी एक सोय केली आहे. टीटीजी-आयजीए कमाल मर्यादेच्या १० पट किंवा त्याहून जास्त असेल आणि वेगळ्या वेळी घेतलेल्या रक्तात ईएमए ही दुसरी अँटिबॉडीही सापडली, तर पालकांशी बोलून बायोप्सीशिवाय निदान करता येते. काही देशांत निवडक प्रौढांनाही ही सवलत देतात. पण ती तज्ज्ञाने द्यायची. एका वाढलेल्या आकड्यावर घरच्या घरी पथ्य सुरू करणे हे त्यात बसत नाही.

गहू आधीच सोडला असेल तर

प्रथम एचएलए जनुकचाचणी. तिच्यावर आहाराचा परिणाम होत नाही. डीक्यू-२ आणि डीक्यू-८ दोन्ही नसतील तर सिलिॲक जवळजवळ बाद. असतील तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण सर्वसाधारण लोकांतही ३० ते ४० टक्क्यांकडे यातले एखादे जनुक असते आणि आजार फार थोड्यांना होतो. मग उरतो 'ग्लुटेन चॅलेंज': डॉक्टरांच्या देखरेखीखाली पुन्हा ग्लुटेन खायचे, दिवसातून एकाहून जास्त जेवणांत, किमान ६ आठवडे, आणि नंतर तपासणी. हे दिवस त्रासाचे जातात, खोटे कशाला सांगा. लहान मूल, गरोदरपण किंवा महत्त्वाची परीक्षा असेल तर वेळ निवडूनच करावे.

निदानानंतर

त्याच आठवड्यात करायच्या दोन गोष्टी: रक्ताच्या आणि बायोप्सीच्या रिपोर्टची प्रत जपून ठेवा (दहा वर्षांनी नवा डॉक्टर तीच मागेल), आणि या आजाराची माहिती असलेल्या आहारतज्ज्ञाची वेळ घ्या. पथ्याची नुसती छापील यादी घेऊन घरी येणाऱ्यांचे हाल होतात, कारण यादीत पदार्थ असतात आणि चूक होते ती पाकिटातल्या घटकांत.

बंद काय, ते थोडक्यात: गहू आणि त्याचे सर्व भाऊबंद, म्हणजे रवा, मैदा, कोंडा, दलिया, डुरम, स्पेल्ट, एमर, आइनकॉर्न, खोरासान, ट्रिटिकेल, शिवाय बार्ली, राय आणि माल्ट. 'जुन्या वाणाचा गहू चालतो' किंवा 'आंबवलेल्या ब्रेडमधले ग्लुटेन निघून जाते' या दोन्ही समजुती सिलिॲकसाठी खोट्या आहेत. चालते काय: तांदूळ, मका, ज्वारी, बाजरी, नाचणी, राजगिरा, कुट्टू, क्विनोआ, सगळ्या डाळी-कडधान्ये, बटाटा, भाज्या, फळे, दूध, अंडी, मासे, मांस. ओट्स वादात राहिले आहेत. शेतात आणि गिरणीत त्यांत गहू-बार्ली मिसळतात, म्हणून 'ग्लुटेनमुक्त' लिहिलेलेच घ्यायचे. तेही आजार आटोक्यात आल्यावर, डॉक्टरांना विचारून, कारण थोड्या रुग्णांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत.

लेबल कसे वाचायचे

पाकिटाची पुढची बाजू विसरा. पाठीमागे घटकांची यादी काढा आणि बोट ठेवून शेवटपर्यंत जा. सोया सॉसची बाटली उदाहरणादाखल घ्या: सोयाबीन, पाणी, मीठ आणि मध्येच 'गहू'. नावात सोया आहे म्हणून निर्धास्त राहणारे इथे फसतात. माल्ट हा दुसरा चोर. माल्ट अर्क, माल्ट फ्लेवर, माल्ट व्हिनेगर सगळे बार्लीचे, आणि मक्याच्या कुरकुरीत न्याहारीतही तो चवीपुरता टाकलेला असतो. सूप पावडर, ग्रेव्ही, तयार मसाले, सॉसेज, सुरिमी, म्हणजे माशापासून केलेले बनावट खेकड्याचे मांस, आइस्क्रीममधले बिस्किटाचे तुकडे, हे नेहमीचे संशयित. गव्हापासून केलेले ग्लुकोज सिरप आणि माल्टोडेक्स्ट्रिन मात्र इतके शुद्ध केलेले असते की ते चालते. 'माल्टो' वाचून दचकू नका.

'गव्हाविना' आणि 'ग्लुटेनमुक्त' एक नव्हे, पहिल्यात बार्ली असू शकते. 'ग्लुटेनमुक्त' या शब्दामागे कोडेक्सचे (अन्नाच्या आंतरराष्ट्रीय नियमसंग्रहाचे) मानक आहे: किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नको. बहुतेक रुग्णांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन गेले तर आतड्याला इजा होत नाही असे मानतात. गणित करून पाहा: अगदी मर्यादेवरचे पदार्थ दिवसभरात अर्धा किलो खाल्ले तर १० मिलिग्रॅम होतात. ब्रेडच्या एका साध्या स्लाइसमध्ये साधारण २ ग्रॅम, म्हणजे २००० मिलिग्रॅम ग्लुटेन असते. १० मिलिग्रॅम म्हणजे त्या स्लाइसचा दोनशेवा भाग. 'एक घासाने काय होते' या प्रश्नाचे उत्तर या आकड्यातच आहे.

औषधाच्या गोळ्यांत स्टार्च कशाचा, हे औषधविक्रेत्याला विचारा. लहान मुलांच्या खेळायच्या पिठाच्या गोळ्यांत गहू असतो आणि मुले हात तोंडात घालतातच. शाम्पू-साबणाची काळजी नको, ग्लुटेन त्वचेतून शिरत नाही. ओठांना लावायच्या गोष्टींचे तेवढे पाहा.

स्वयंपाकघर

इथे चुका होतात त्या पदार्थापेक्षा भांड्यांमुळे. लोण्याची बरणी घ्या: कुणीतरी ब्रेडला लोणी लावले आणि तीच सुरी परत बरणीत बुडवली. लोण्यात चार-पाच तपकिरी कण चिकटून राहिले. सकाळी तुम्ही तुमच्या ग्लुटेनमुक्त ब्रेडला तेच लोणी लावता. लेबल वाचून आणलेला ब्रेड तिथेच वाया गेला. उपाय साधा: पसरवायच्या गोष्टींची वेगळी, नाव लिहिलेली बरणी.

वेगळे ठेवावे असे: टोस्टर, चाळणी, लाकडी चमचे आणि पाट, चरे पडलेली नॉनस्टिक भांडी. स्टील आणि काच साबण-पाण्याने नीट घासले की पुरे. सॅनिटायझरने हात पुसून ग्लुटेन जात नाही, ते जंतू नाही मरायला. उकळून, भाजून, तळूनही ते तसेच राहते. म्हणून पास्ता उकडलेल्या पाण्यात दुसरे काही शिजवायचे नाही आणि मैद्याचे तळण काढलेल्या तेलात तुमचे काही तळायचे नाही. गव्हाचे पीठ उधळते आणि ओट्यावर बराच वेळ बसत राहते, त्यामुळे आधी तुमचा स्वयंपाक, मग बाकीच्यांचा. ज्वारी-तांदळाचे पीठ दळताना गिरणीत आधी गहू दळला गेला असेल तर ते पीठ तुमच्यासाठी ग्लुटेनमुक्त राहत नाही. बंद पाकिटातले प्रमाणित पीठ किंवा घरातच वेगळी चक्की, हे दोनच पर्याय मला पटतात.

सगळे घरच ग्लुटेनमुक्त करायचे का? लहान मूल रुग्ण असेल तर माझे मत हो. मोठ्या माणसाचे एक कपाट आणि ओट्याचा एक कोपरा वेगळा ठेवूनही भागते.

बाहेर खाताना

"ग्लुटेन-फ्री आहे का?" या प्रश्नाला बरेचदा नुसते "हो" मिळते. त्यापेक्षा कामाचे प्रश्न विचारा: सॉस घट्ट करायला काय घालता? तळणाचे तेल वेगळे आहे का? तवा पुसता की धुता? विचार करून दिलेले उत्तर आणि घाईने दिलेले उत्तर, फरक लगेच कळतो. उत्तराने समाधान झाले नाही तर सोललेले फळ, उकडलेले अंडे, भाजलेला बटाटा यावर वेळ निभवा. प्रवासात आपले खाणे आपल्या पिशवीत.

चुकून पोटात गेलेच तर भरपूर पाणी, विश्रांती, आणि काय खाल्ले होते त्याची नोंद. ग्लुटेन 'पचवणाऱ्या' म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या संरक्षण देत नाहीत. एका चुकीने सगळे वाया जात नाही. पण त्रास झाला नाही म्हणजे ते चालले, असेही नाही. पुष्कळ रुग्णांचे आतडे गुपचूप झिजते.

भरून यायला वेळ लागतो

जुलाब, पोटफुगी काही आठवड्यांत कमी होते. मुलांचे आतडे लवकर सुधारते, प्रौढांना वर्ष-दोन वर्षे किंवा त्याहून जास्त लागू शकतात. सुरुवातीला दूध पचत नसेल तर घाबरू नका. दुधातली साखर पचवणारे विकर विलायच्या टोकावर असते, आणि विलाय परत आल्या की बहुतेकांना दूध परत चालते.

निदानाच्या वेळी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहसाठा), फोलेट, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, यकृत आणि थायरॉइड बघतात. प्रौढांमध्ये हाडांची घनताही. टीटीजी साधारण ६ महिन्यांनी, मग वर्षाने आणि पुढे दरवर्षी. आकडा उतरत असेल तर दिशा बरोबर आहे, पण तो नॉर्मल झाला म्हणजे आतडे शंभर टक्के भरले असा दाखला मिळत नाही. थायरॉइडची गोळी घेत असाल तर आतडे सुधारल्यावर औषध जास्त शोषले जाऊन डोस बदलावा लागू शकतो. न्यूमोकोकल (न्यूमोनियाच्या एका जंतूवरच्या) लसीबद्दलही विचारून घ्या, काही रुग्णांची प्लीहा नीट काम करत नाही.

एक सूचना वजनाबद्दल. तयार ग्लुटेनमुक्त बिस्किटे-ब्रेडमध्ये साखर, चरबी आणि स्टार्च जास्त, तंतू कमी. आता अन्न अंगी लागते आहे आणि खाणे मात्र हे, मग वजन भराभर वाढते. जे मुळातच ग्लुटेनमुक्त आहे, त्या धान्य-डाळ-भाज्यांवर ताट उभे करा, पाकिटे सणावारापुरती.

६ ते १२ महिने पथ्य पाळूनही त्रास थांबत नसेल तर पहिला संशय नकळत जाणाऱ्या ग्लुटेनवर. आहारतज्ज्ञासोबत आठवडाभराचे खाणे, औषधांसकट, ओळीने तपासा. तिथे काही सापडले नाही तर लॅक्टोज, इरिटेबल बॉवेल, मायक्रोस्कोपिक कोलायटिस, स्वादुपिंड, लहान आतड्यात वाढलेले जिवाणू यांचा शोध घेतात. कडक पथ्यानंतरही विलाय सपाटच राहणारा 'रिफ्रॅक्टरी' प्रकार दुर्मीळ आहे, त्याहून दुर्मीळ आतड्याचा लिम्फोमा, हा एक कर्करोग. ठीक चाललेले असताना पुन्हा वजन घटू लागले, ताप, पोटात जोराची कळ किंवा शौचातून रक्त असे काही झाले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.

घरच्यांची तपासणी

तुमचे निदान झाले की आईवडील, भावंडे आणि मुलांचे टीटीजी-आयजीए आणि एकूण आयजीए करून घ्या, आणि ते तुमच्यासोबत ग्लुटेनमुक्त जेवायला लागण्याआधी. ज्यांच्याकडे डीक्यू-२ किंवा डीक्यू-८ नाही त्यांना पुन्हा तपासायची गरज नाही. ज्यांच्याकडे आहे, त्यांचा आजचा रिपोर्ट साफ असला तरी आजार पुढे कुठल्याही वयात उद्भवू शकतो. त्यांची तपासणी काही वर्षांनी पुन्हा करा, आणि मध्ये लोह कमी झाले, वाढ थांबली किंवा पोट बिघडले तर लगेच.